मद्यमुक्तांची सभा : दारूबंदीच्या जिल्ह्यातील एक उघडे दार

वर्धा जिल्ह्यात सुमारे पन्नास वर्षांपासून दारूबंदी आहे. ज्या जिल्ह्यात महात्मा गांधींचे सेवाग्राम आणि आचार्य विनोबांचे पवनार आहे, तो जिल्हा दारूपासून दूर राहावा, ही त्यामागील भावना होती. जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत आज परवान्याचे दारूचे दुकान नाही. तथापि दारू नाही असे मात्र कोणी म्हणणार नाही. मोहाचा सडवा नाल्याकाठी पुरलेला सापडतो, गावठी भट्ट्या एका ठिकाणी मोडल्या की दुसरीकडे पेटतात, आणि वर्धा नदीवरील पूल ओलांडला की परवान्याच्या दुकानांचा मुलूख सुरू होतो. पोलिसांचे छापे चालू असतात. अनेक गावांतील महिलांनी स्वतः पुढे होऊन भट्ट्या उद्ध्वस्त केल्या आहेत. हे कार्य आवश्यकच आहे. परंतु भट्टी मोडली तरी जो मनुष्य सकाळी दोन घोट घेतल्याखेरीज हाताचा कंप थांबवू शकत नाही, त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न शिल्लक राहतो. कायदा दुकान बंद करतो. तलफ बंद करणे हे त्याच्या हाती नाही.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या वतीने अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील सुमारे ५ कोटी ७० लक्ष लोकांना दारूमुळे अपाय होत आहे अथवा ते तिच्या आहारी गेले आहेत. याच पाहणीत असे आढळून आले की, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ व्यक्तींमागे जेमतेम एकीला कोणत्या ना कोणत्या प्रकारचे साहाय्य मिळते. उरलेल्या ३७ जणांपैकी कित्येकांच्या गावापासून एस. टी. ने तासाभराच्या अंतरावर मदत उपलब्ध असते, पण ती कोठे आहे हे त्यांना ठाऊक नसते, किंवा ठाऊक असूनही दारापर्यंत जाण्याचे धैर्य होत नाही. शिक्षक, सरपंच, पोलीस पाटील, आशा कार्यकर्त्या आणि तालुक्याचे अधिकारी यांना जे करता येण्याजोगे आहे ते नेमके या ठिकाणी आहे.

दोन कामे, दोन माणसे

दारूबंदीच्या जिल्ह्यात मदत मागणे अन्य जिल्ह्यांपेक्षा कठीण आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्यावाचून मद्यपान करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे "मला दारू सोडावयाची आहे" असे म्हणणारा मनुष्य एका परीने आपल्या अपराधाचाच कबुलीजबाब देत असतो. सरपंचाजवळ बोलावे तर उद्या पोलिसांना कळेल, शिक्षकाजवळ बोलावे तर मुलाला वर्गात ऐकावे लागेल, अशी भीती त्याच्या मनात असते आणि ती सर्वस्वी निराधार नसते.

यास्तव, बंदोबस्त आणि साहाय्य ही दोन कामे एकाच व्यक्तीने एकाच वेळी करू नयेत. मदत मागावयास आलेल्या माणसास "दारू कोणाकडून घेतोस?" असा प्रश्न ज्या दिवशी विचारला जाईल, त्या दिवशी त्या गावातून दुसरा मनुष्य मदत मागावयास येणार नाही. विक्रेत्याचा शोध घेण्याचे इतर मार्ग आहेत. ग्रामसभेत उभे करून शपथ वदवून घेण्याची प्रथाही फार उपकारक ठरत नाही. जन्मभराची शपथ पंधरा दिवसांत मोडते, सारे गाव ती मोडलेली पाहते, आणि लाजेपोटी तो मनुष्य पूर्वीपेक्षा अधिक पितो. सद्हेतूने केलेला असा अपमान अनेक गावांनी पाहिला आहे.

या जिल्ह्याशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या गांधीजींनीही केवळ कायद्यावर भिस्त ठेवली नव्हती. १९४१ मध्ये त्यांनी लिहिलेल्या 'रचनात्मक कार्यक्रम' या पुस्तिकेत मद्यपानबंदीला प्रारंभीच्याच कलमांत स्थान आहे. तेथे ते व्यसनी माणसाला व्यसनापासून सोडविण्याचे उपाय डॉक्टरांनी शोधावेत असे सुचवितात, स्त्रिया व विद्यार्थी यांवर विशेष जबाबदारी टाकतात, आणि थकलेल्या श्रमिकाला विसावा, स्वस्त व सकस अल्पोपाहार आणि खेळ मिळतील अशी विश्रांतिस्थाने उघडण्याची सूचना करतात. दारूच्या गुत्त्यात मनुष्य केवळ दारूसाठी जात नाही, सोबतीसाठीही जातो, हे त्यांनी जाणले होते. गुत्ता बंद केला तर सोबत कोठे मिळणार, या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे दारू सोडलेल्यांची सभा होय.

एका दूरध्वनीतून निघालेली चळवळ

अशा सभांचा उगम अमेरिकेतील ओहायो राज्यात झाला. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा एक व्यावसायिक अ‍ॅक्रन शहरात आला होता. त्याने काही महिन्यांपूर्वीच दारू सोडली होती. ज्या कामासाठी तो आला होता ते फसले, खिशात पैसे जेमतेम उरले, आणि ज्या हॉटेलात तो उतरला होता तेथील मद्यालयातून हास्यविनोद ऐकू येत होता. आत गेलो तर आपण संपलो, हे त्याला कळत होते. त्याने तेथील धर्मगुरूंच्या यादीवरून दूरध्वनी करावयास आरंभ केला आणि आपणासारख्याच एखाद्या दारुड्याशी गाठ घालून द्या, अशी विनंती केली. या खटपटीतून दुसऱ्या दिवशी त्याची भेट डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी झाली. डॉक्टरांनी आजवर पुष्कळ उपदेश ऐकला होता. परंतु हा मनुष्य उपदेश करीत नव्हता, स्वतःची हकिकत सांगत होता आणि आपल्याला तुमची गरज आहे असे म्हणत होता. १० जून १९३५ हा डॉ. स्मिथ यांच्या अखेरच्या मद्यपानाचा दिवस समजला जातो आणि तोच 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' या संघटनेचा स्थापनादिन मानतात. ए. ए. या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी ही संघटना १९५७ पासून भारतातही काम करीत आहे. महाराष्ट्रात तिच्या सभा मराठीतून चालतात.

महाराष्ट्राने या क्षेत्रात स्वतःचीही भर घातली आहे. पुणे येथे १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी, पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने, 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र उभारले. उपचार पूर्ण करून गावी परतलेला मनुष्य एकटा पडू नये यासाठी पाठपुराव्याचे गट चालविण्याची पद्धत या केंद्राने रूढ केली. उपचाराचे दिवस थोडे असतात आणि त्यानंतरचे आयुष्य दीर्घ असते. ते दीर्घ आयुष्य ज्याच्या आधाराने काढावयाचे तो आधार गावाजवळच असावा लागतो.

अशा गटांचा खरोखर उपयोग होतो काय, ही शंका रास्त आहे. २०२० मध्ये कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत १० हजारांहून अधिक व्यक्तींचा समावेश होता. सातत्याने दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत, माणसाला ए. ए. कडे पद्धतशीरपणे वळविणारे उपचार हे अन्य मान्यताप्राप्त मानसोपचारांपेक्षा सरस ठरतात, असे त्यात दिसून आले. याचा अर्थ सर्वांचीच दारू सुटते असा नव्हे. परंतु ज्या उपायास शुल्क नाही, त्याच्या बाबतीत हा निष्कर्ष दुर्लक्षिण्यासारखा नाही.

सभेत काय घडते

सभेविषयी खेड्यापाड्यांत अनेक गैरसमज आहेत. कोणी तिला कीर्तन समजतो, कोणी सरकारी शिबिर, तर कोणी वेड्यांच्या इस्पितळाची शाखा. प्रत्यक्षात एखाद्या शाळेची, प्रार्थनास्थळाची वा रुग्णालयाची खोली, दहापंधरा खुर्च्या किंवा एक सतरंजी, आणि चहा, एवढाच सरंजाम असतो. सभा तासदीड तास चालते. प्रारंभी संघटनेचा हेतू वाचून दाखविला जातो. त्यानंतर एकेक सदस्य केवळ पहिले नाव आणि आपण मद्यपी आहोत एवढे सांगून स्वतःचा अनुभव कथन करतो. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, वाद घालीत नाही. नवागताने काही बोललेच पाहिजे असे नाही. तो पहिल्या दिवशी कोपऱ्यात गप्प बसून परत गेला तरी चालते. वर्गणी नाही, नोंदवही नाही, आधार कार्ड नाही. शेवटी एक टोपली फिरते व ज्याला जमेल तो तीत दोनपाच रुपये टाकतो. नव्या माणसाकडून तीही अपेक्षा नसते. सदस्यत्वाची अट एकच आहे, ती म्हणजे दारू सोडण्याची इच्छा.

जन्मभराचा निश्चय येथे कोणाकडून करवून घेत नाहीत. आजचा दिवस, म्हणजे चोवीस तास, दारू घ्यावयाची नाही, एवढेच मागणे असते. उद्याचे उद्या पाहावयाचे. शेतमजुराला हा हिशेब चटकन समजतो, कारण त्याचा सारा संसारच रोजंदारीवर चालतो. जुना सदस्य नव्या सदस्याचा सोबती होतो. तलफ आली की त्याला दूरध्वनी करावा, तो मध्यरात्रीही उचलला जातो, असा रिवाज आहे.

संघटनेच्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख येतो, त्यामुळे काहींच्या मनात किंतु उत्पन्न होतो. मात्र ज्याला जसा ईश्वर मान्य असेल तसा त्याने समजावा, अशी मुभा त्यातच ठेवलेली आहे. गटालाच आपल्याहून मोठी शक्ती मानणारे नास्तिकही सभेत असतात. ज्याला हे अजिबात रुचत नाही त्याच्यासाठी रुग्णालयांचे व व्यसनमुक्ती केंद्रांचे पाठपुरावा गट आहेत.

या जिल्ह्याच्या दृष्टीने आणखी एक बाब महत्त्वाची आहे. ए. ए. बाहेरच्या कोणत्याही प्रश्नावर मत देत नाही आणि त्यात दारूबंदीचा प्रश्नही आला. ती बंदीची समर्थक नाही, विरोधकही नाही. दारूबंदीच्या कार्यकर्त्यांना ही तटस्थता प्रथम खटकते. परंतु त्या तटस्थतेमुळेच भट्टीवर पिणारा मनुष्य तेथे निःशंकपणे जाऊ शकतो.

सभेचा शोध आणि त्याआधीची दक्षता

सभांचे दिवस, वेळ व जागा बदलत असल्याने त्या येथे दिलेल्या नाहीत. त्या विचारून घेण्याची ठिकाणे मात्र स्थिर आहेत. सेवाग्राम येथील कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय या दोन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहेत. तेथील समुपदेशकांकडे किंवा वर्ध्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात चौकशी करावी. ए. ए. चे भारतातील मध्यवर्ती सेवा कार्यालय मुंबईत असून तेथून जवळच्या गटाचा पत्ता मिळू शकतो. व्यसनमुक्तीसाठी केंद्र शासनाचा १४४४६ हा निःशुल्क राष्ट्रीय क्रमांक आहे. मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक आहे. जवळ गट नसल्यास दूरध्वनीवरून किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून चालणाऱ्या सभाही आहेत, आणि आपल्याच गावात ओळख पटण्याची ज्यास धास्ती वाटते त्याला त्या प्रारंभी सोयीच्या वाटतात.

परंतु सभेपूर्वी एक दक्षता अत्यावश्यक आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबविली तर काही तासांतच हातापायांस कंप सुटतो, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊन मनुष्य नसलेल्या वस्तू पाहू लागतो. हा अखेरचा प्रकार जिवावर बेतणारा असतो. गावात त्याला बाहेरची बाधा समजून मांत्रिकाकडे नेण्यात येते आणि तेवढ्या वेळात मनुष्य दगावतो. अशा व्यक्तीला आधी डॉक्टरांना दाखवावे. औषधे व ब१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने यांच्या साहाय्याने हा काळ सुखरूप पार पाडता येतो. खोलीत कोंडून दारू सोडविण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

दारू सोडविण्याच्या गोळ्या चहातून अथवा भाजीतून नकळत देण्याचा प्रकारही धोकादायक आहे. डायसल्फिराम हे औषध पोटात असताना मनुष्य दारू प्याला तर रक्तदाब एकदम उतरतो, छाती धडधडते, आणि दुर्बल हृदयाच्या माणसाचा प्राणही जाऊ शकतो. हे औषध रुग्णाच्या संमतीने व डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावयाचे असते. वैतागलेल्या पत्नीला हे कोणी सांगितलेले नसते. आशा कार्यकर्तीने सांगावे.

पत्नीसाठी व मुलांसाठी स्वतंत्र सभा असतात. ए. ए. च्या धर्तीवर चालणाऱ्या कुटुंबीयांच्या गटांस 'अल-अ‍ॅनॉन' असे म्हणतात. पतीने सभेला जाण्याचे नाकारले तरी पत्नीने जाण्यास हरकत नसते. किंबहुना अनेक घरांत आरंभ तेथूनच होतो. शाळेतील शिक्षकाच्या दृष्टीस ही घरे सर्वांआधी पडतात. सोमवारी हमखास गैरहजर राहणारा, डबा न आणणारा, वडिलांविषयी विचारले की मान खाली घालणारा विद्यार्थी त्याला माहीत असतो. मद्यपी स्त्रियाही आहेत. त्यांची लाज दुप्पट असते. त्यांना प्रथम रुग्णालयातील स्त्री समुपदेशकाकडे नेणे अधिक बरे.

पंचायतीने काय करावे

जेथे गट नाही तेथे तो स्थापन होऊ शकतो. दारू सोडू इच्छिणारी दोन माणसे एकत्र बसली की सभा होते. पंचायतीने त्यासाठी ठराव, उद्घाटन, फलक वा छायाचित्र यांपैकी काहीही करू नये. सरकारी उपक्रम म्हणून भरविलेल्या सभेला पहिल्या दिवशी पन्नास माणसे येतात व तिसऱ्या आठवड्यास कोणीही येत नाही. पंचायतीने खोली द्यावी, आणि तीही शक्यतो चावडीजवळची नसावी; सभेला जाणारा माणूस साऱ्या गावाच्या नजरेखालून जाऊ नये. गट खोलीचे नाममात्र भाडे देऊ करील, ते घ्यावे. बाहेरची मदत न घेता स्वतःच्या पैशावर उभे राहणे हा त्यांचा नियम आहे, आणि ज्या माणसाने वर्षानुवर्षे उधारीवर दारू घेतली त्याच्या दृष्टीने ते भाडे लहान गोष्ट नसते.

लहान गावात नाव झाकले जात नाही, ही खरी अडचण आहे. यावर उपाय म्हणून तालुक्याच्या ठिकाणी आठवडी बाजाराच्या दिवशी सभा ठेवणे सोयीचे. बाजाराला निघालेल्या माणसाला कोणी कारण विचारत नाही. बाजाराच्या दिवशीच हातात पैसा असतो व पाय भट्टीकडे वळतात, त्यामुळेही तीच वेळ उपयोगाची आहे. कापूस विकल्यानंतरचे दिवस आणि पोळ्याची कर हे जिल्ह्यातील असेच निसरडे प्रसंग होत. अशा दिवशी जुने सदस्य एकत्र राहतात, वेळप्रसंगी ज्यादा सभा घेतात. त्या दिवशी शाळेची खोली मोकळी करून देणे मुख्याध्यापकास कठीण जाऊ नये.

काही महिने कोरडे गेल्यानंतर मनुष्य पुन्हा पितो, असेही घडते. अशा वेळी "आम्ही सांगितलेच होते" असे म्हणणारे गावात पुष्कळ असतात. सभेत मात्र त्याला त्याच खुर्चीवर बसावयास सांगतात आणि मोजणी पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू होते. पूर्वीचे महिने वाया गेले असे तेथे कोणी समजत नाही. ज्याने त्याला पहिल्यांदा सभेपर्यंत नेले त्यानेच दुसऱ्यांदाही न्यावे.

कोणालाही सभेस पाठविण्यापूर्वी अधिकारी, शिक्षक किंवा पंचायत सदस्य यांनी स्वतः एकदा सभा पाहणे इष्ट. केवळ मद्यपींसाठी असलेल्या बंद सभेला बाहेरच्यांना प्रवेश नसतो. परंतु काही सभा खुल्या असतात व तेथे कोणासही बसता येते. तेथे ऐकलेले नाव व हकिकत तेथेच ठेवावी, मग ती व्यक्ती आपल्याच कचेरीतील असली तरीही. असे एकदा बसून आलेला सरपंच "तू जा" असे न म्हणता "चल, मी दारापर्यंत येतो" असे म्हणू शकतो, आणि पहिल्या वेळी त्याची फार मोठी मदत होते. त्याने नव्या माणसास आत सोडून बाहेर थांबावे. परतीची अखेरची गाडी किती वाजता सुटते, हे मात्र आधी विचारून ठेवावे. कारण सभा संपल्यावर जुने सदस्य नव्या माणसाजवळ बोलत उभे राहतात, आणि ते बोलणे घड्याळाकडे पाहत उरकण्यासारखे नसते.